पृथ्वी शॉ हवाच, पण सोळा वर्षांखालच्या पोरांचं काय?

गेल्या आठवड्यात दोन बातम्या लागोपाठ आल्या. सोमवारी, 27 ऑक्टोबरला, पृथ्वी शॉने महाराष्ट्राकडून खेळताना चंडीगडविरुद्ध 141 चेंडूंत द्विशतक ठोकलं. शुक्रवारी दिल्लीत पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या फायनलमध्ये दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हरली. फक्त तीन गुणांनी. पहिल्या बातमीखाली आपल्या मंडळींचा सूर असा की बघा, असे आणखी दोन-चार आणा, मग रणजी घरी येते की नाही ते बघू. दुसऱ्या बातमीखाली सूर असा की मॅनेजमेंट कंजूष आहे, एक तगडा स्टार घेतला असता तर कप आपलाच होता.

म्हणजे जिंकलो तर विकत घेतल्यामुळे आणि हरलो तर विकत न घेतल्यामुळे. पोरं घडवावी लागतात हे या सगळ्यात कुणाच्या बोलण्यातच नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा, नसेल तर थेट खाली जाऊन शिव्या घाला, तुमचा हक्कच आहे तो.

आधीच सांगून टाकतो, 'फक्त आपलीच पोरं खेळवा' म्हणणाऱ्यांतला मी नाही. राहुल त्रिपाठीचा जन्म रांचीचा. डेक्कन जिमखान्याकडून खेळला, महाराष्ट्राकडून खेळला, विषय संपला, तो आपलाच. आणि खेळाडू पळवणं काही आयपीएलने शिकवलेलं नाही. विजय हजारे सांगलीचे. 1939-40 च्या मोसमात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 केले. पुढे तेच हजारे कुठे दिसतात? बडोद्याच्या संघात! भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443, आणि पुढे होळकर संघात. संस्थानिकांकडे पैसा होता, नोकऱ्या होत्या, माणसं जायची. त्या काळात आपण घडवायचो आणि दुसरे घेऊन जायचे. आता आपण घ्यायला निघालोय, तर घडवायचं विसरू नका, एवढंच म्हणणं आहे माझं.

या प्रश्नाचा सगळ्यात जास्त कीस अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी पाडलाय. तिथे करार संपलेला मोकळा खेळाडू, ज्याला ते फ्री एजंट म्हणतात, त्याच्यावर कुणीही बोली लावू शकतं. आणि दुसरीकडे प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांतले छोटे संघ असतात, तिथे पोरं वर्षानुवर्षं तयार होतात. त्याला नावच 'फार्म' आहे, शेती. ब्रँच रिकी नावाच्या माणसाने 1920 च्या दशकात सेंट लुईसच्या संघासाठी ही पद्धत बसवली, कारण त्यांच्याकडे श्रीमंत संघांइतका पैसा नव्हता. आता आजचं बघा. न्यूयॉर्क मेट्सने डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटो या एका खेळाडूशी 15 वर्षांचा, 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. 2025 च्या मोसमात मेट्स प्लेऑफमध्येही पोचले नाहीत. तिकडे लॉस एंजेलिसचे डॉजर्स पाण्यासारखा पैसा ओततात हे खरं, पण त्यांची शेतीही देशातल्या उत्तम शेतींपैकी समजली जाते. 2024 ला तेच जिंकले, 2025 लाही तेच. पैसा वाईट नाही हो. बी न पेरता नुसता बाजारातून धान्य आणणारा शेतकरी किती वर्षं टिकेल, एवढाच प्रश्न आहे.

आता घरचं बघू.

सहाराने 2010 मध्ये 37 कोटी डॉलर मोजून पुण्याची आयपीएल टीम घेतली, तेव्हाच्या हिशोबाने सतराशे कोटी रुपये. 2011 च्या लिलावात रॉबिन उथप्पा 21 लाख डॉलर, युवराज 18 लाख डॉलर. निकाल काय? 2011 ला नववे, 2012 ला नववे (म्हणजे तळाला, कारण संघच नऊ होते), 2013 ला आठवे. मग दुकान बंद. गहुंजेच्या स्टेडियमवरचं नावसुद्धा उतरवलं गेलं. पुण्यात त्या तीन वर्षांचं काय उरलं? माझ्या मते काहीच नाही. काही टी-शर्टं उरली असतील.

मग 2016 ला सुपरजायंट आले. दोनच वर्षांचा कारभार असणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 2017 च्या लिलावात बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी दिले. तो खेळलाही मस्त, 316 धावा, 12 बळी, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याच संघात मूळ किमतीला, म्हणजे 10 लाखांना घेतलेल्या त्रिपाठीने 391 धावा केल्या. कोलकात्यात 52 चेंडूंत 93 आठवतायत ना? 30 लाखांच्या उनाडकटने 24 बळी घेतले. आणि 21 मे ला हैदराबादला फायनल झाली तेव्हा स्टोक्स साहेब इंग्लंडच्या संघात परत गेलेले होते. मुंबई 129, आपण 128. एका धावेने.

स्टोक्सला घेतलं म्हणून हरलो असं मी म्हणत नाहीये. तो नसता तर कदाचित फायनललाच पोचलो नसतो. माझा मुद्दा त्या 10 लाखांचा आहे. त्रिपाठी 10 लाखांत मिळाला, कारण त्याला घडवायचा खर्च आधीच दुसऱ्या कुणीतरी केला होता. क्लबने नेट दिलं, कोचने पहाटे उठून चेंडू टाकले, घरच्यांनी खस्ता खाल्ल्या. तो खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की असे खेळाडू आपोआप उगवतात. पुढच्याच वर्षी, 2018 ला, राजस्थानने त्याला 3.4 कोटींना घेतलं. 2022 ला हैदराबादने साडेआठ कोटींना. ज्या मैदानांवर तो घडला त्यांच्या वाट्याला यातून काय आलं? भिंतीवर लावायला एक फोटो.

ऋतुराजची गोष्टही हीच. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या थेरगावच्या मैदानावरची वेंगसरकर अकादमी. चेन्नईने त्याला 20 लाखांत उचलला, 2021 ला 635 धावा करून त्याने ऑरेंज कॅप घेतली, आज तो 18 कोटींचा आहे. विकी ओस्तवालही त्याच थेरगावचा, 2022 चा अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप जिंकून आलेला. एका सार्वजनिक जागेवर कुणीतरी नीट काम केलं तर काय होतं बघा. अशी थेरगावं आपल्याकडे किती आहेत? पुणे महापालिकेच्या हद्दीत मला सांगा, मी वाट बघतो.

आता कबड्डीकडे येतो, कारण या शहरात हा प्रश्न सगळ्यात शहाणपणाने सोडवला तो क्रिकेटवाल्यांनी नाही, पलटणने. हेही आधी असंच करून बघून झालं होतं. 2018 ला नितीन तोमरला 1 कोटी 15 लाख दिले आणि प्लेऑफ हुकला. त्यानंतर त्यांनी युवा पलटणवर जीव लावला. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत ही पोरं तिथून वर आली. नाशिकचा आकाश शिंदेही या संघातच मोठा झाला. अस्लम आणि आकाश दोघंही 2023 च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते.

आणि मग, हे नीट वाचा, दहाव्या मोसमाच्या लिलावात त्यांनी 5 कोटींच्या पर्समधले 2 कोटी 35 लाख एकट्या शादलुईवर लावले. इराणी गडी, डावा कोपरा. जवळजवळ निम्मी पर्स एका माणसावर! हे परवडलं कसं? बाकी संघ घरात तयार झालेला होता, म्हणून परवडलं. बाजारातून सात-आठ खेळाडू घ्यायचे असते तर शादलुईकडे बघायचीही सोय नव्हती. त्या मोसमात त्याने पकडीत 99 गुण घेतले. 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणाला 28-25 हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. कप उचलला तो अस्लमने, तो कॅप्टन होता.

पुढचं सांगितलं नाही तर अप्रामाणिकपणा होईल. अकराव्या मोसमात शादलुईला सोडलं. हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना घेतला. अस्लम मध्येच जखमी झाला आणि आपण प्लेऑफलाही नाही. फायनल कुठे होती? आपल्याच बालेवाडीत. जिंकलं कोण? हरियाणा, शादलुईसकट. तेव्हा 'घरचीच पोरं पुरेत' वाल्यांनीही जरा थंड घ्यावं. मोक्याच्या जागी भोक असेल तर ते बुजवायला बाजारात जावंच लागतं. पण हेही बघा की यंदा शादलुई गुजरातकडे होता आणि तरी पलटण फायनलला होती. आदित्य शिंदेसारखा नवा पोरगा चढाया करत होता. स्टार येतो आणि जातो. खालून पोरं येत राहिली तर संघ वर्षाच्या आत परत उभा राहतो. शुक्रवारी तीन गुण कमी पडले म्हणून ही सगळी व्यवस्थाच चुकीची म्हणणं म्हणजे एक बस चुकली म्हणून पीएमपी बंद करा म्हणण्यासारखं आहे. (पीएमपीवर स्वतंत्र पोस्ट येईल.)

आता रणजी. इथे मात्र मला राग आहे.

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, 1939-40 आणि 1940-41. प्रा. दि. ब. देवधर कॅप्टन. त्यानंतर एकदाही नाही. मुंबई सोडून द्या, त्यांची गोष्टच वेगळी. पण विदर्भ? विदर्भ 2017-18 च्या आधी कधी फायनलदेखील खेळला नव्हता. तेव्हापासून तीन करंडक झाले, 2017-18, 2018-19 आणि 2024-25. नागपूरवाल्यांनी बाहेरचे आणले नाहीत का? आणले की. वसीम जाफर मुंबईहून आणला. चाळिशी गाठलेल्या त्या माणसाने 2018-19 ला हजारावर धावा केल्या. चंद्रकांत पंडितांना कोच म्हणून आणलं. 2024-25 ला कर्नाटकचा करुण नायर आणि दिल्लीचा ध्रुव शोरे होते. पण त्याच मोसमात सर्वाधिक 960 धावा कुणाच्या? यश राठोडच्या. विक्रमी 69 बळी कुणाचे? हर्ष दुबेचे. फायनलमध्ये केरळविरुद्ध 153 कुणाच्या? दानिश मालेवारच्या. कॅप्टन अक्षय वाडकर. सगळे तिथलेच. नायरने धावा केल्याच, पण शेजारच्या पोराला दुसऱ्या टोकाला उभं राहून शिकता आलं हे जास्त मोलाचं. आता नायर कर्नाटकात परत गेला आणि विदर्भाचा संघ काही कोसळला नाही.

याच विदर्भाने जानेवारी 2025 मध्ये विजय हजारे करंडकाच्या सेमीफायनलला आपल्याला 69 धावांनी हरवलं. 50 षटकांत 380 ठोकल्या. त्या दिवशी मला वाटलं होतं की आता तरी एमसीएत कुणीतरी नागपूरला जाऊन बघेल, हे लोक नक्की करतात काय. आपण काय केलं? जाफर-नायर हा वरचा भाग तेवढा उचलला.

पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना या दोघांबद्दल मी ब्र काढणार नाही. जलज तर रणजीत 6000 धावा आणि 400 बळी घेणारा पहिलाच माणूस. यंदाची पहिली मॅच आठवा, तिरुअनंतपुरमला केरळविरुद्ध. पृथ्वी शून्यावर, वरचे चार जण शून्यावर, 18 ला 5. तिथून ऋतुराजच्या 91 आणि जलजच्या 49. थेरगावात घडलेला एक आणि बाहेरून आणलेला एक, दोघांनी मिळून अब्रू वाचवली. असंच असायला पाहिजे! पण जलज डिसेंबरात 39 चा होतोय. तो किती वर्षं? दोन? त्याच्या मागे उभा राहून शिकणारा विशीतला ऑलराउंडर कोण, हे ठरवून कुणी ठेवलंय का? ठेवलं असेल तर सांगा, मी ही पोस्ट एडिट करून त्याचं नाव टाकतो.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. 2013-14 आठवा. रोहित मोटवानी कॅप्टन, सुरेंद्र भावे कोच. केदार जाधवच्या त्या मोसमात 1223 धावा. खडीवाले, बावणे, जालन्याचा विजय झोल, अतितकर, समद फल्लाह, मुंढे, संकलेचा. वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवलं, इंदूरला बंगालला हरवलं आणि फायनलला कर्नाटककडून हरलो. हरलो, पण गेल्या तीस वर्षांतला तो आपला सगळ्यात भारी मोसम होता, आणि तो चेकबुकातून आला नव्हता. मग ती फळी पिकून गेली आणि तिच्यामागे दुसरी फळी कुठे आहे हे कुणी पाहिलं नाही.

एमसीएला श्रेयही देतो. 2023 ला एमपीएल सुरू केली ही चांगलीच गोष्ट. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी तिथल्या एका शतकामुळे देशाच्या नजरेत आला आणि आयपीएलमध्ये गेला. पण एमपीएल म्हणजे बाजारपेठ आहे, शेत नव्हे. तिथे तयार माल दिसतो. तो तयार होतो चौदा आणि सोळा वर्षांखालच्या मॅचेसमध्ये, आणि तिथलं चित्र काय आहे? एमसीएच्या हद्दीत मुंबई-विदर्भ सोडून अख्खं राज्य येतं. नंदुरबार, नांदेड, रत्नागिरीपर्यंत. तिकडच्या पोराला निवड चाचणीसाठी आणायचं तर बापाला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. मॅटिंगवर खेळून मोठा झालेला पोरगा टर्फवर पहिल्यांदा उभा राहतो तो थेट चाचणीच्या दिवशी. दोन चेंडूंत बाद, घरी परत. मग दहावीचं वर्ष येतं आणि किट माळ्यावर जातं. आपण म्हणतो टॅलेंटच नाही, बाहेरून आणा.

पुण्यातही फार वेगळं नाही. शाळेचं मैदान पार्किंगला, मंगल कार्याला, प्रदर्शनाला. उरलेल्यावर तासाच्या भाड्याचं टर्फ. ज्याच्याकडे पैसे आहेत तो खेळतो. पेठेतली कबड्डी मंडळं पाहिलीत? एक मॅट, दोन ट्यूबलाइट आणि नोकरीवरून येऊन शिकवणारा एखादा जुना खेळाडू. पलटणचा उद्याचा अस्लम अशाच कुठेतरी मॅटवर गुडघे फोडून घेतोय. त्या मंडळाला वर्षाला नवा मॅटही मिळत नाही.

फुटबॉलमध्ये फिफाने यावर साधा तोडगा काढलाय. खेळाडूची करार चालू असताना एका क्लबातून दुसऱ्यात बदली झाली की त्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वयात ज्या ज्या क्लबांकडे होता त्यांच्यात वाटले जातात. बेसबॉलमध्येही, ठरावीक अटींवर, मोठा खेळाडू गेला की गमावणाऱ्या संघाला नवी पोरं निवडायची एक जादा संधी मिळते. म्हणजे घडवणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं. आपल्याकडे 18 कोटींतले 5 टक्के म्हणजे 90 लाख होतात. ऋतुराजच्या खिशातून नको, त्याने कमावलेत ते. फ्रँचायझीने वेगळे द्यावेत, बीसीसीआयने नियम करावा. 90 लाखांत किती टर्फ विकेट होतील, किती कोचचे पगार निघतील, तुम्हीच हिशोब करा. दरवर्षी!

ते व्हायला वेळ लागेल, लॉबिंग लागेल, मान्य. पण जे पुण्यात बसून उद्या करता येईल त्याचं काय? तुमच्यापैकी अनेक जण एमसीएशी संलग्न क्लबांचे सभासद आहात, काहींचे क्लब तर मतदारही आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत चहा-बिस्किटांच्या आधी एवढं लेखी मागा. बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर यंदा किती खर्च झाला आणि चौदा, सोळा, एकोणीस वर्षांखालच्या सगळ्या संघांवर मिळून किती? एका जिल्ह्यातल्या सोळा वर्षांखालच्या पोराला वर्षात टर्फवर किती मॅच मिळतात, जिल्हावार आकडा. आणि पृथ्वी-जलज हे दोघं करारात असेपर्यंत खालच्या संघांबरोबर किती दिवस सराव करणार, तारखांसकट.

उत्तर आलं तर इथे टाका. 'माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे' असं उत्तर आलं तर तेही टाका, फोटोसकट.